तुझ्या नावची मूठ

प्रिय भाऊ,

'प्रिय' लिहिलंय ते पद्धत म्हणून. खरं तर मला तुझा राग आहे. मेलेल्या माणसावर रागावू नये असं जो तो मला सांगतो, आणि त्यानं तो आणखीच वाढतो.

आज लिहायला बसले त्याचं कारण आहे. उद्या आपल्याकडे कानबाई बसणार. तू गेल्यानंतरची ही पहिलीच. मागच्या श्रावणात तुला जाऊन वर्ष झालेलं नव्हतं, म्हणून घरात सण नव्हता. आज सकाळी मायनं ओसरीत कानबाईच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू काढले. विसरला असशील तर सांगते, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. आधी आबाची, मग तुझी. पोरीच्या नावची घेत नाहीत, ती परक्या घरची. मी रोट खायचे पोटभर, पण त्यात माझ्या नावचा दाणा नसायचा.

तुझी मूठ घेताना मायचा हात मोठा व्हायचा. मी लहानपणापासून बघत आले. तू कधी बघितलंस का रे? कशाला बघशील!

तर आज तिनं आबाची मूठ घेतली आणि तिचा हात थांबला. पुढे काय झालं ते सांगते, पण आधी मला तुझ्याशी भांडायचंय. तू होतास तेव्हा भांडायला सापडलाच नाहीस. फोन केला की एकच शब्द. "मस्त."

कसा आहेस? मस्त. जेवलास? मस्त. पेपर कसे गेले? मस्त. अरे, मस्त म्हणजे काय गावाचं नाव आहे का, तू तिथं राहायला गेला होतास?

तू जळगावला इंजिनीअरिंगला लागलास तेव्हा आबांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. मेहरूणला खोली घेऊन दिली. तळं जवळ, हवा चांगली, अभ्यास छान होईल म्हणाले. दोन-तीन महिन्यांत तू फोनवर 'शे' सोडून 'आहे' म्हणायला लागलास. माय गावभर सांगत सुटली, "मना पोऱ्या आते शुद्ध बोलस!" आबा तर फोन स्पीकरवर ठेवून शेजाऱ्यांना ऐकवायचे. तुझं ते कोरडं "मी मस्त आहे" ऐकून आमच्या घरात आनंदीआनंद!

तुझी बोली का गेली ते आम्हाला नंतर किरणनं सांगितलं. किरण म्हणजे तुझा खोलीतला सोबती, धुळ्याचा. पहिल्या दिवशी वर्गात ओळख सांगताना तुझ्या तोंडून निघून गेलं, "मना नाव योगेश शे." सगळा वर्ग हसला. मॅडमही हसल्या. त्या दिवसापासून तुझं नाव पडलं 'शे'. "ए शे, वही दे." "शे आला रे!" कँटीनमध्ये शे, प्रॅक्टिकलला शे. मग तू बोलणंच कमी केलंस, आणि बोललास ते असं धुऊन वाळवून.

तुला वाटत असेल आता मी त्या पोरांना शिव्या देईन. दिल्यात. पण तुलाही देते. मी अमळनेरच्या कॉलेजात गेले तेव्हा मलाही हसले. एक पोरगी माझी नक्कल करायची. मी तिला म्हटलं, "नीट कर ना बाई, तुले जमस नही." पुढच्या महिन्यात ती माझ्याच डब्यातलं खायला लागली. तुला एवढंही जमलं नाही? एवढा हुशार तू, नाकापेक्षा मोती जड झाला तुला!

थांब. हे लिहिलं आणि वाटलं, मला ते सोपं का गेलं? माझ्याकडून कुणाला काही नकोच होतं, म्हणून. मी नापास झाले असते तर माय म्हणाली असती, बरं झालं, भाकरी थापायला शिक. माझी मूठ कुणी मोजली नव्हती, त्यामुळे कमी पडायची भीतीच नव्हती मला. तुझी मात्र दर श्रावणात मोजलेली होती. तू हरलास तर आबा हरणार, माय हरणार, पेढे खाल्लेली गल्ली हरणार. म्हणून तू हरल्याचं सांगितलंच नाहीस. झाकली मूठ सव्वा लाखाची! तुझी मूठ आम्ही उघडली ती तू गेल्यावर, आणि आत काही नव्हतं भाऊ.

तुझी खोली आवरायला गेलो तेव्हा किरण सांगत होता, पहिल्या वर्षी तू संध्याकाळी तळ्यावर फिरायला जायचास. मग ते सुटलं. मग मेस सुटली. मग कॉलेज. पडदा ओढून दिवसभर पडून राहायचास, दुसऱ्यांच्या ट्रिपा मोबाइलवर बघत. तो विचारायचा तेव्हा म्हणायचास, "पुढच्या सेमिस्टरला सगळं नीट करणार." दर सेमिस्टरला पुढचं सेमिस्टर! तुझी आशा तेवढी मोठी, आणि तिला रोज खायला घालायला तुझ्याकडे काही नाही. मला विचारशील तर माझी आशा इतकीशी होती. सकाळच्या एसटीत खिडकी मिळावी. परत येताना स्टँडवर मैत्रिणीशी दहा मिनिटं बोलायला मिळावं. ती रोज पुरी व्हायची, म्हणून मी दुसऱ्या दिवशी उठायचे. मोठं काही नाही त्यात. पण उठायचे.

आता रोटाचं ऐक. ते तुला माहीतच नसणार.

तुझ्या शेवटच्या कानबाईला तू आला नाहीस. प्रॅक्टिकल आहे म्हणालास. नव्हतं. मायनं तरी तुझी मूठ घेतली, तुझ्या वाटचे रोट वेगळे काढले. पौर्णिमेच्या आत संपवायला हवेत आणि भाऊबंदकीबाहेर कुणाच्या तोंडी जायला नकोत, म्हणून आबा स्वतः डबा घेऊन एसटीनं जळगावला गेले. तू त्यांना खोलीवर नेलं नाहीस. स्टँडवरच भेटलास, चहा पाजलास, डबा घेतलास, परतीच्या गाडीत बसवून दिलंस. आबा घरी आले ते खुशीत. "पोऱ्या बारीक दिसस, पन मस्त शे." मस्त! त्यांनाही तोच रोग लावलास.

तो डबा तू किरणला दिलास. भूक नाही म्हणालास. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, आमचा रोट त्यानं खायचा नसतो? त्याला भूक होती. त्यानं खाल्ला, डबा घासून ठेवला.

मग गणपतीत तो आठ दिवस धुळ्याला घरी गेला आणि इकडे तुला कावीळ झाली. ताप आला, उलट्या झाल्या, डोळे पिवळे झाले. मी त्याच दिवसांत व्हिडिओ कॉल केला होता. तू म्हणालास कॅमेरा खराब आहे. मी म्हटलं आवाज असा का येतो? म्हणालास, झोपेतून उठलो. आणि मग, "मस्त आहे गं मी."

खोलीच्या खाली मेडिकल होतं. समोर डॉक्टर होते. जिना उतरायचा होता भाऊ, डोंगर चढायचा नव्हता! लोक कुजबुजतात की तुला मरायचंच होतं. मी त्यांच्याशी भांडते. मला ठाऊक आहे, तुला मरायचं नव्हतं. तुला नुसता उठायचा कंटाळा आला होता. पण त्याचा राग मला जास्त येतो. मरायचं असतं तर निदान काहीतरी हवं होतं तुला, असं म्हणता आलं असतं.

किरण आला, त्यानं तुला पाठीवर घेऊन खाली आणलं, रिक्षात घातलं. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केला. आम्ही पोहोचलो तेव्हा तू कुणाला ओळखत नव्हतास. माय म्हणत राहिली, "योगेश, मी शे, माय शे." तू डोळे उघडले नाहीस.

त्यानंतर तुझी खोली आवरताना किरण रडत रडत बोलून गेला, "काकू, तुमचा रोट शेवटचा मी खाल्ला." झालं! मायला तुझ्या मरणाचं कारण सापडलं. रोट भाऊबंदकीबाहेर गया, कानबाई कोपनी. तुला पाठीवर वाहून आणणाऱ्या पोराला तिनं तिथंच शाप दिला. तो मान खाली घालून उभा राहिला. परत कधी त्यानं फोन केला नाही. बघ, तुझा एकच माणूस होता त्या शहरात, आणि त्याचं असं झालं.

माझंही तुझ्यामुळेच अडलंय. मला जळगावला नर्सिंगला जागा मिळाली आहे. तुझ्यामुळे नर्सिंग नाही हं, उगीच मोठेपणा घेऊ नकोस. नोकरी लवकर लागते म्हणून. पण जळगावचं नाव काढलं की माय ताटावरून उठते. आबा हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. प्रवेशाची मुदत येत्या मंगळवारी संपते. तू मेलास तो मेलासच, जाताना माझं दार ओढून घेऊन गेलास.

तर आज सकाळी. आबाची मूठ झाली. मायचा हात गव्हात तसाच. तिच्या ओठांवर तुझं नाव आलेलं मला दिसलं. भाऊबंदकीतले नाना पाटावर बसलेले. ते हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, मरेल माणूसनी मूठ लेतस नही."

मेलेल्याची मूठ घेत नाहीत, हे मायला काय ठाऊक नव्हतं? आबा खांबाला टेकून बसलेले, नजर जमिनीवर. मी दारात सूप घेऊन उभी होते. मायनं मान वर केली आणि सवयीनं विचारलं, रोज विचारते तसं, "तू बरी शे ना?"

माझ्या तोंडावर आलं होतं भाऊ. तुझाच शब्द. खोटं नाही सांगत, जिभेच्या टोकावर होता. मस्त.

मी म्हटलं, "नही. बरी नही शे मी."

आणि मग थांबताच येईना. म्हटलं, या घरात मी एखली पडी गयी. तुम्ही दोघं त्याच्या फोटोशी बोलता, मला फक्त बरी शे ना विचारता आणि उत्तर ऐकायच्या आत चुलीकडे वळता. म्हटलं, त्याले रोटनी मारं नही, किरणनी मारं नही. त्याले कोणी खरं विचारं नही आणि त्यानी खरं सांगं नही. मी पण असंच मस्त मस्त करत या ओसरीत वाळून जाईन, मग माझ्या वेळेला कुणाला शाप द्याल? नानांसमोर बोलले हे सगळं. नानांनी तोंड फिरवलं.

माय रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. तिनं माझ्याकडे बघितलं, पहिल्यांदाच दिसले तशी. मग तिनं गव्हातली मूठ भरून वर काढली, परातीत ओतली, वर पाव मूठ टाकली, आणि माझं नाव घेऊन म्हणाली, "दीपालीनी."

नाना म्हणाले, "पोरनी मूठ लेतस नही वहिनी."

माय म्हणाली, "आते लेतस."

तुझी घेतली नाही. एवढं सांगायला हे पत्र. मला आनंद झाला, खूप झाला. तू वाईट वाटून घे, मला चालेल. मग मी परात उचलून आत नेली, आणि तिथं गव्हात हात घालून उभी राहिले. माझी मूठ कुठली आणि आबाची कुठली ते काही कळत नव्हतं. तुझी असती तर तीही कळली नसती. मग मी रडले.

दुपारी आबा गोठ्याकडून आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "सोमवारले कानबाई बोळवू. मंगळवारले जळगावनी पहिली गाडी कितीले शे?"

तेव्हा वचन ऐक. मी मेहरूणला तुझ्याच रस्त्यानं जाईन. किरणला शोधेन. त्याला रोट देणार नाही, मायशी इतक्यात दुसरं भांडण नको. पण कळण्याची भाकरी आणि ठेचा नेईन, तो खाईल आणि मी समोर बसेन. वर्गात माझी ओळख सांगेन ती 'शे' लावून. आणि रोज संध्याकाळी मायचा फोन येईल तेव्हा बरी असेन तर बरी सांगेन, नसेन तर नाही म्हणून सांगेन. मायच्या जिवाला घोर लागला तरी सांगेन. तिला पोरीचा घोर चालेल. मस्त ऐकून ऐकून ती एकदा पोर गमावून बसली आहे.

आज विचारशील तर मी बरी नही शे.

तुझी नाही, आता माझ्याच नावची,
दीपाली