पाच मुक्या कळा

प्रिय मॅडम,

उद्या सकाळी मला विंचूरला जायचंय. चौपन्न वर्षांची बाई मी. सातपूरच्या वर्कशॉपमध्ये दिवसभर कंट्रोल पॅनेल जोडते, विजेला कधी घाबरले नाही. पण उद्याला घाबरतेय. घरात कुणाला सांगता येत नाही. तुम्हाला सांगायचं ते सदतीस वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं. तुम्ही होतात तेव्हा धीर झाला नाही. आता रागवायला तुम्ही नाही, तर लिहायला बसले. बघा, इथेही भित्रीच!

तुम्ही गेल्यानंतर महिनाभराने तुमच्या अजयचा फोन आला. घर रिकामं करत होता. "ताई, आईने एका खोक्यावर तुमचं नाव लिहून ठेवलंय, घेऊन जाल का?"

खोक्यात तुमचा तो जुना कॉम्प्युटर होता. कीबोर्डच्या पोटातच सगळं यंत्र असलेला, टीव्हीला जोडून चालणारा. सातपूर कॉलनीतल्या तुमच्या पुढच्या खोलीत आम्ही सात मुली त्याच्यावरच शिकलो. खोक्यावर तुमचं अक्षर : 'वैशालीसाठी. हिने नेहमी जपून वापरला.'

मॅडम, ते वाचून मला तिथे उभं राहवेना.

आतलं यंत्र मेलेलं होतं. कीबोर्डमध्ये मात्र जीव असेल असं वाटलं. हल्ली पत्त्यांच्या जोडाएवढा कॉम्प्युटर मिळतो, एकाच सर्किट बोर्डवर सगळं. त्याच्यावर एम्युलेटर नावाचा प्रोग्रॅम चालवला की तो हुबेहूब तुमच्या जुन्या कॉम्प्युटरसारखा वागतो. ठरवलं, तुमचा कीबोर्ड त्याला जोडायचा. का ठरवलं? खरं सांगू? मला पाहायचं होतं की त्या दिवसाचं काही शिल्लक आहे का. नसावं, अशी आशा होती.

कीबोर्डमधून प्लॅस्टिकच्या दोन पातळ पट्ट्या निघतात. एकीत आठ तारा, दुसरीत पाच. प्रत्येक कळ म्हणजे दोन तारांची भेट, हे तुम्हीच फळ्यावर काढून दाखवलं होतं. इतक्या वर्षांत त्या पट्ट्या पापडासारख्या झालेल्या. जरा वाकल्या की तुटणार. श्वास रोखून एकेक तार नव्या बोर्डच्या पिनांना जोडली. पडद्यावर तुमचा तो कर्सर लुकलुकला तेव्हा मी मोठ्याने "मॅडम!" म्हणाले.

मग एकेक कळ दाबत गेले. सगळी अक्षरं उमटली. फक्त वाय, यू, आय, ओ, पी. ओळीने पाच. मुक्या!

उघडायच्या आधीच मला कळलं होतं. तरी उघडला. कळांच्या खालच्या कागदाएवढ्या पातळ थरावर तपकिरी डाग होता. चहाचा. त्या दिवशी तुम्ही कॉम्प्युटर वाळवलात, चालूही झाला. पण डाग आतल्या आत तारेची रेघ खात राहिला होता.

मॅडम, तो चहा मी सांडला होता.

तुम्ही फाटकाशी कुणाशी तरी बोलत होतात. पाळी सुनंदाची होती, ती मान खाली घालून टाइप करत होती. टेबलावर कप ठेवायचा नाही हा तुमचा नियम मीच मोडला होता. वळताना माझी ओढणी कपाला अडकली. आवाज ऐकून तुम्ही धावत आलात. "कोणी केलं हे?"

मी काही बोलले नाही. फक्त सुनंदाकडे पाहिलं. आणि तुम्हीही तिच्याकडेच पाहिलंत.

"मातीतल्या हातांचं काम नाही हे," असं म्हणालात तुम्ही. आठवतं? तिच्या घरची मखमलाबादला फुलशेती. माझे वडील कारखान्यात सुपरवायझर. एवढ्यावरच ठरलं का हो सगळं? मला एकदा तरी विचारायचंत! मी रडले असते, पण खरं बोलले असते. की नसते बोलले? हे मला अजून माहीत नाही, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

सुनंदाच्या वडलांनी तिचा क्लास बंद केला. वर्षभरात तिचं लग्न झालं, विंचूरला. मी मात्र तुमची लाडकी विद्यार्थिनी होऊन बसले.

वीज वाहून नेणाऱ्या चांदीच्या रंगाने ती रेघ पुन्हा ओढली, तेव्हा पाचही कळा बोलायला लागल्या. मला आनंद नाही झाला. आता सुनंदाकडे न जायला कारणच उरलं नव्हतं. मखमलाबादला तिच्या भावाकडून पत्ता घेतला आणि गेल्या रविवारी विंचूरला गेले.

"वैशे! तूच का गं?" सुनंदाने मिठीच मारली. सून आतून पाणी घेऊन आली. मी वर्कशॉपचं, तुमचा कॉम्प्युटर दुरुस्त केल्याचं सांगत होते, तर सून हसून म्हणाली, "आमच्या आईंना तर मिक्सर बी लावू देत नाय आम्ही. हात लावला की बिघडलाच."

सुनंदाही हसली. "खरंय बाई. माझा हातच लय वाईट. मॅडमचा कॉम्प्युटर नाय का बिघडवला मी? कोपर लागला अन् सगळा चहा सांडला."

मॅडम, तिला कोपर आठवत होता! न लागलेला कोपर. आपण सगळ्यांनी इतकं ठामपणे तिच्याकडे पाहिलं की तिलाही तेच खरं वाटलं.

सून आत गेल्यावर मी सांगितलं. "सुनंदा, तुझा कोपर नव्हता. माझी ओढणी होती."

तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. मग म्हणाली, "तू पाह्यलं होतं?"

"हो."

"अन् गप ऱ्हायली?"

"हो."

"नाय गं... मला आठवतंय ना." ती स्वतःच्या हाताकडे बघत राहिली. कुणा दुसऱ्याचा हात असावा तसं. मग उठली. "तू जा आता."

त्यानंतर पाच दिवस फोन वाजला की आधी नाव बघायचे. काल तिचाच आला.

"ते यंत्र दुरुस्त झालंय म्हणलीस ना? रविवारी घेऊन ये. मालक, पोरगा, सून, दोन्ही नणंदा, समदे हायेत. मला सांगितलंस तसंच त्यांना सांग. मॅडम मला सगळ्या पोरींसमोर बोलल्या होत्या. तू बी सगळ्यांसमोर बोल."

एवढंच. फोन ठेवला.

तेव्हापासून मी मनात वाक्यं जुळवतेय आणि एकही पुरं होत नाही. तिच्या नवऱ्याने विचारलं, बाईचं आयुष्य घालवलंस, आता कशाला आलीस, तर काय सांगू? माझ्या घरी कळलं तर? माझी मुलगी मला फार खरी समजते हो. आणि एवढं करून सुनंदाने कीबोर्डला हातच लावला नाही तर?

तुमचं काय म्हणणं पडलं असतं? 'जाऊ दे वैशाली, जुनं झालं,' असं म्हणाला असतात ना? म्हणू नका. एकदा तरी म्हणू नका.

एक शब्द देते, मॅडम. उद्या मी माझं सगळं सांगेन, आणि तुम्ही काय म्हणालात तेही. तुमच्यामागे लपणार नाही आणि तुम्हाला लपवणारही नाही. ते जे बोलतील ते बसून ऐकेन. सुनंदा 'ऊठ' म्हणेपर्यंत उठणार नाही. कीबोर्ड तिच्यापुढे ठेवेन आणि परत आणणार नाही. तिने आपटून फोडला, तरी 'अगं हळू' एवढंही माझ्या तोंडून निघणार नाही.

तुमची,
वैशाली