दुसऱ्या पियानोवरची चिठ्ठी

३ मार्च १९८७, व्हिएन्ना

हलवली चिठ्ठी! दोन बोटांत उचलली, शेजारच्या पियानोवर ठेवली.

काल ओटिलीबाईंनी आमच्या दुकानाच्या तळघरातले, कार्यक्रमांना भाड्याने देतो ते पाचही पियानो वाजवून पाहिले. दुसऱ्यावर थांबल्या. "फेर्डी, शनिवारी मला हाच." आमच्या झ्वेट्लरने – पियानोंचे सूर तोच लावतो – त्यावर त्यांच्या नावाची चिठ्ठी ठेवली. अशा चिठ्ठीला इथे कुणी हात लावत नाही. मी लावला! माझा नवा कलाकार राइनर त्याच पियानोवर अडून बसला – तोही शनिवारी, लिंत्स शहरातल्या कार्यक्रमासाठी. नाही म्हटलं तर तो दुसरा व्यवस्थापक गाठणार. बाईंचे कार्यक्रम मी सोळा वर्षं ठरवतोय. त्या कुठे जाणार?

४ मार्च

झ्वेट्लर म्हणाला, "साहेब, बाईंना कळेल." मी म्हटलं, "तू सूर लाव, तोंड आवर."

७ मार्च

कार्यक्रमात बाई अडखळल्या. संथ भागात, दोनदा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा!

नंतर आतल्या खोलीत हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.
"पियानो तोच होता ना रे, फेर्डी?"
"तोच, बाई."
माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझे हातच गेले."

मी त्यांचा कोट पुढे केला. स्वतःची किळस येते.

८ मार्च

लिंत्सला राइनरचा जयजयकार. वर्तमानपत्र घडी करून खणात टाकलं.

११ मार्च

बाईंचा फोन. "ऑक्टोबरचं काही ठरवू नकोस. वयाची एकाहत्तर झाली, पुरे झालं."
आणि मी काय म्हणालो? "विश्रांती घ्या, बाई." जीभ कशी झडली नाही माझी!

१३ मार्च

आज सांगायचंच म्हणून केक घेऊन त्यांच्या घरी गेलो. पियानोचं झाकण बंद. त्यावर इस्त्रीच्या चादरींची चवड.

त्यांनी कॉफी ओतली. "काही सांगायचंय का, फेर्डी?"
"छे, सहज आलो."
"बरं. केक छान आहे हो."

जिन्यात दोनदा थांबलो. परत वर गेलो नाही. भेकड!

१६ मार्च

ओटिलीबाई सकाळी तळघरात येऊन गेल्या. ऑक्टोबरसाठी पियानो निवडला – सोबत दुसऱ्या व्यवस्थापकाच्या कचेरीचा माणूस होता. चिठ्ठी या वेळी स्वतःच्या हाताने चिकटवली, चारही कोपऱ्यांना डिंक लावून.

"त्यांना कळलं कसं?" मी झ्वेट्लरला विचारलं.

"साहेब, पियानोच्या आत कोरलेला त्याचा क्रमांक त्या वाजवायला बसण्याआधीच वाचतात. त्या शनिवारीही वाचला होता."