किल्लीवरून पेटलेलं

चिंचवड, १० फेब्रुवारी १९७५

आज नववीला क्रिमियन युद्ध शिकवलं. तुर्कांच्या ताब्यातल्या बेथलेहेमच्या चर्चची किल्ली कोणत्या पंथाकडे असावी, यावरून भांडण. रशिया आणि फ्रान्स त्यात पडले, कारण दोघांनाही तुर्की मुलखात पाय रोवायचे होते. मेले शिपाई. पुढे शिकवता येईना. आमचा दादाही देवळाच्या किल्लीच्या मारामारीतच गेला. किल्ली ज्याच्याकडे, देवस्थानची जमीन त्याच्याकडे, आणि चुलत्यांना ती कारखाना काढणाऱ्या कंपनीला विकायची होती.

संध्याकाळी चुलते आले. "देवाच्या कामात गेला त्यो, मास्तर. मिटवून टाक आता."

मी चहा दिला. का दिला? मी मिटवीन असं समजून खूश होऊन गेले. काठ्या त्यांनीच वाटल्या, मी पाहिलंय. उद्या कोर्टात माझी साक्ष आहे. हा म्हातारा तुरुंगातच मेला पाहिजे.