अजून एक थेंब

अण्णा, आज सकाळी नांदेडला तुमच्या नातवाचं रक्त काढलं. रिपोर्ट आठ दिवसांनी येणार. तेव्हापासून माझं कशातच लक्ष नाही. लातूरला घरी येऊन दोनदा चहा ठेवला, दोन्ही वेळा उतू गेला. म्हणून हे लिहायला बसले, तर आता खुर्चीतही बसवत नाही.

माझ्या लेकीचं तिच्या मामाच्या मुलाशी, म्हणजे तुमच्या याच नातवाशी, ठरलंय. तुम्ही असता तर गावभर पेढे वाटले असते. दोघांची पसंती, घरातलं घरात, मीही खूश होते. पण पोरीच्या कागदावर दरवेळी ‘रक्त कमी’ येतं आणि गोळ्यांनी काडीचा फरक पडत नाही, म्हणून एका नव्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, घरात लहानपणी कुणी गेलंय का? माझ्या धाकट्या भावाचा विषय आपल्याकडे अजून कुणी काढत नाही. त्यांनी लिहून दिलेली तपासणी कुठे होते हे शोधण्यातच महिना गेला. दोन लॅबवाल्यांनी नेहमीचीच तपासणी करून कागद हातात ठेवला, तिसऱ्याने नमुना बाहेरगावी पाठवला. थॅलेसेमिया, आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. पोरगी वाहक आहे आणि मग माझं रक्त तपासलं, तर मीही. आम्हाला त्रास काही नाही. पण मुलगाही वाहक निघाला, तर त्यांच्या प्रत्येक बाळाला धाकट्याचा आजार होण्याची शक्यता चारात एक. तुम्ही आणि आई तरी कुठे लांबचे होतात, मामा-आत्याचीच मुलं.

मला तुमची मुखेडच्या सरकारी दवाखान्यातली रक्त तपासायची खोली आठवते. धाकटा स्टुलावर बसलाय, पोट पुढे आलेलं, ओठ पांढरे. तुम्ही त्याच्या बोटाला टोचता, रक्त काचेच्या नळीतल्या आम्लात सोडता आणि एकेक थेंब पाणी घालत तिचा रंग शेजारच्या तपकिरी काचेशी जुळवता. नळी खिडकीपाशी धरून मला विचारता, जुळला का? जितके थेंब जास्त तितका रक्ताचा आकडा वर, हे मला कधीच कळलंय. म्हणून मी म्हणते, नाही, अजून एक थेंब. तुम्ही घालता. मी पुन्हा तेच म्हणते. मग तुम्ही नळी खाली ठेवलीत. म्हणालात, “खोटं बोलून आकडा वाढायलाय, बाई. रक्त न्हाई वाढत.”

त्या दिवसापासून लोहाचं औषध दोन चमचे झालं. तुम्ही स्वतः मांडीवर घेऊन पाजायचात. सातव्या वर्षी तो गेला. डॉक्टरीणबाई म्हणतात, लोह त्याला कमी नव्हतंच, उलट अंगात साठत गेलं असेल. हे ऐकून मला तुमचा फार राग आला अण्णा, आणि बाहेर येऊन पायरीवर बसले तेव्हा तुमच्यासाठीच रडले. तुमच्या त्या नळीत हे दिसणारच नव्हतं.

पोराचं रक्त तपासून घे म्हणून भावाला किती विनवलं. तो म्हणाला, माझ्या पोरावर संशय घ्यायलीस का, मोडायचंच असंल तर सरळ सांग. वहिनीने फोन उचलणं बंद केलं. पोरीचा रिपोर्ट दाखवला, तो त्याने उलटूनही पाहिला नाही. शेवटी परवा मी सांगितलं, की अण्णांनी जाताना मला बजावलं होतं, घरातल्या घरात लग्न ठरलं तर आधी दोघांचं रक्त तपासून घे. तेव्हा तो म्हणाला, अण्णा म्हणले असतील तर आणतो पोराला.

आज पोरगा आत रक्त देत होता आणि आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. भाऊ जमिनीकडे बघत म्हणाला, “ताई, म्हंजे अण्णाला समदं ठाऊक होतं? तरी ते औषध पाजत राहिले त्याला?”

मी पर्समध्ये काहीतरी शोधत राहिले. आत्ता खरं सांगितलं तर रिपोर्ट वाईट आला तरी तो मानणार नाही, लग्न उरकून टाकेल. तुम्हाला काही ठाऊक नव्हतं. शेवटच्या दिवशी तुम्ही माझ्याकडे फक्त पाणी मागितलं होतं. आठ दिवस हा आळ तुमच्यावर राहू द्या. त्यानंतर तरी मी भावाला खरं सांगेन का, याचा मला भरवसा नाही.