शिरा केला म्हणून बंद झालेले गुरुवार

प्रति,
माननीय प्रकरण अधिकारी,
मेनोनाइट भगिनी आधार प्रतिष्ठान,
डब्लिन पश्चिम विभाग.

विषय : 'गरज संपली' असा शेरा मारून बंद केलेली गुरुवारची भेट पुन्हा सुरू करणेबाबत.
संदर्भ : आपले दि. ३ मार्च २०२५ चे पत्र.

महोदय,

१. अर्जदार रेवती दळवी, रा. ब्लँचर्डस्टाउन, हिने दीड वर्षापूर्वी ओंगारमधले नवऱ्याचे घर सोडले. मार खाऊन सोडले, हे आपल्या फाइलीत आहेच. आपण तिला खोली मिळवून दिलीत आणि दर गुरुवारी आपल्या ख्रिस्ती पंथातल्या भगिनी मार्था यांना पाठवलेत. उपकार आहेत, नाकारत नाही.

२. मार्थाबाई दोन तास गोधडीचे तुकडे जोडत बसत. जाताना विचारत, "उद्या काय रांधणार?" आठवड्यात तेवढंच कोणी विचारी. अर्जदार गोदामात कामाला आहे. तिथे स्कॅनर बोलतो, माणसे नाहीत.

३. दि. १९ फेब्रुवारीस आपण स्वतः तपासणीला आलात. त्याआधीच्या सात महिन्यांत मार्थाबाई सोडून उंबऱ्याच्या आत आलेले आपण पहिले. अर्जदाराने पहाटे उठून शिरा आणि बटाटेवडे केले. खालच्या मजल्यावरून दोन खुर्च्या, बऱ्या कपबश्या उसन्या आणल्या. कासलबारला नर्स असलेली तिची मैत्रीण गिरिजा फोनवर ओरडली, "अगं बावळट, तो तपासायला येतोय, तुला बघायला नव्हे! कोंब ते सगळं प्रेसमध्ये, कपाटात!" अर्जदाराने ऐकले नाही. घरी आलेल्याला नुसत्या पाण्यावर कसे बसवायचे?

४. आपण तीन वडे खाल्लेत, 'ग्रँड' म्हणालात, आणि लिहिलेत : "घर सुस्थितीत. पाहुण्यांची ये-जा दिसते. गरज संपली." महोदय, ते पाहुणे आपणच होता.

५. आपल्या पत्रानंतरचे तीन गुरुवार कोरडे गेले. आपल्या छापील फॉर्मात मार, भूक, निवारा यांना चौकटी आहेत. चार-चार दिवस तोंडातून शब्द निघत नाही, याला चौकट नाही. गेल्या रविवारी प्लंबर हवा असलेल्या एका माणसाचा चुकून फोन आला. अर्जदाराने त्याला सहा मिनिटे धरून ठेवले, नळ कुठे गळतो ते सगळे विचारले. ही गरज नव्हे तर काय आहे, ते लेखी कळवावे.

६. खोली, कपडे, धान्य काही नको. फक्त मार्थाबाईंना पाठवावे. फेरतपासणी करायची असल्यास न सांगता यावे. आधी कळवलेत तर अर्जदार पुन्हा रांधेल. तिला ते आवरत नाही.

आपली नम्र, पण गप्प न बसणारी,
(सही)
रेवती दळवी
दि. २४ मार्च २०२५

सोबत : गिरिजाने केलेले इंग्रजी भाषांतर. त्यातला राग गाळू नकोस, असे तिला बजावले आहे.