पारूआत्या कण्हत नाही

शहापूर, १२ नोव्हेंबर २०२४

सौ. समीक्षावहिनीस,
अंजूचा सा. न. वि. वि.

पारूआत्याच्या मांडीचं ऑपरेशन नीट झालं. तुझ्या सासूबाई माझ्याच वॉर्डात आहेत, तेव्हा काळजी नसावी. शेजारच्या खाटेवर खर्डीच्या गुणाबाई आहेत. चादर हलली तरी कण्हतात. मी त्यांना म्हणते, आमच्या आत्याकडे बघा, खळ्यावर पडून हाड मोडलं तरी हसत चहा पिते. चहा पिणाऱ्याला कुठलं दुखतंय? डॉक्टर आपले लिहून जातात, दुखल्यास इंजेक्शन. मागेल त्याला देत बसलो तर सवय लागते, हे आम्हा नर्सनाच ठाऊक. आत्याने एकदाही मागितलं नाही. सगळ्या वॉर्डला मी तिचाच दाखला देते.

हरेशदादाच्या हाती पत्र देतेय. लोभ आहेच, आत्या घरी आल्यावर तो आणखी वाढू दे.

तुझी नणंद,
अंजू


टोकावडे, २९ नोव्हेंबर

चि. अंजूस,
वहिनीचे अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलले तर सासूबाई ऐकतात, म्हणून यांच्या हाती पत्र धाडतेय. टाके चिघळलेत. इथले डॉक्टर म्हणतात, शहापूरला नेऊन जखम उघडून धुवा, उशीर केलात तर पाय जाईल. सासूबाई उंबऱ्याबाहेर पडायला तयार नाहीत. खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, "अंजू समद्यांना माझा दाखला देत व्हती. मग कशी वरडू गो? ती गुणाबाई माझ्या वाटचं पण रडत व्हती." दवाखान्यात सोबत नेलेल्या गोधडीचा काठ मी कापून टाकला, दातांनी चावून त्याच्या चिंध्या झाल्या होत्या. आता तिथे गेलं तर पुन्हा हसावं लागेल, आणि या खेपेला ते जमायचं नाही, म्हणजे पोरीचं नाव जाणार. त्यापेक्षा पाय गेलेला बरा, असं त्यांचं म्हणणं. तुझं कौतुक भलतंच लागू पडलं हो. मला मात्र भीती वाटतेय.

माया आहे तशीच आहे. यांच्याच हाती उत्तर दे.

समीक्षा


शहापूर, ३० नोव्हेंबर

सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

पत्र वाचून तशीच उठले. डॉक्टरांकडून लिहून घेतलंय: आत्याला इंजेक्शन वेळच्या वेळी द्यायचं, मागायची वाट बघायची नाही, ती हसत असली तरी. सवय लागेल का, तेही विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की पुन्हा विचारायची नाही. सोबतच्या नर्स म्हणाल्या, घरच्या माणसाला वेगळा नियम का? खरंच आहे, म्हणून आता सगळ्या वॉर्डला तोच. म्हणजे कौतुक बंद आणि काम वाढलं.

आत्याला एवढं वाचून दाखव: आमची आत्या मुंगी चावली तरी गाव गोळा करते, असं मी वॉर्डात सांगून ठेवलंय. तिचं नाव घालवून झालं, त्यासोबत माझंही. राखायला आता काही उरलेलं नाही, तेव्हा तिने यावं आणि पोटभर ओरडावं.

माझ्यावरचा लोभ थोडा कमी झाला तरी समजून घेईन, पण गाडी उद्याच कर.

तुझी,
अंजू