बाबांकडे जूनमध्येच या

डर्बी, १२ एप्रिल

प्रिय आई,

तुझी प्रवासाची यादी मिळाली. मी बरी आहे. दिवसभर रस्ता सपाट करायच्या ग्रेडरवर बसून पाठ तेवढी धरते, पण चालायचंच.

दुसरी स्टेपनी काढून तिथे ग्लेनिस मावशीची खुर्ची ठेवायची म्हणतेस? त्यापेक्षा मावशीलाच ठेव घरी! इथल्या दगडांत एका दिवसात दोन टायर फाटतात.

मे महिन्यात बाबांना जाऊन वर्ष होतं, हे कळतं गं मला. पण इथला मार्चमध्ये संपणारा पावसाळा यंदा लांबला, नद्या अजून उतरल्या नाहीत. रस्ता मी सपाट केल्याशिवाय उघडायचा नाही. तेव्हा जून धरा.

रस्त्याकडेची बाबांची कबर छान आहे. समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून आम्ही ओळख देतो ना, तशी जाता-येता मी त्यांनाही देते.

मावशीचा गुडघा कसा आहे? तू गोळ्या घेतेस ना वेळेवर?

आई, खोटं लिहवत नाही. पुरात बाबांचा क्रॉस वाहून गेला. काल बोट उचललं, तर तिथे नुसता चिखल. नवा क्रॉस करायला घेतलाय, जूनपर्यंत उभा करीन. तोवर त्या चिखलालाच बोट उचलते.

पाठ धरून बसलेली तुझी,
नेरिडा